साच्यातला अशोक

संगणकावरचा युद्धखेळ हा एखाद्या वैचारिक त्रैमासिकातील समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. वर्षभरापूर्वी मीही तो विचारला असता. कविता, कथा, आत्मकथन, फार तर नाटक आणि चित्रपट, येथपर्यंत आपली समीक्षा जाते. पोरांचे खेळ तिच्या कक्षेत येत नाहीत. परंतु जेथे जेथे इतिहासाची प्रतिमा घडवली जाते ते प्रत्येक ठिकाण आपल्या कक्षेत येते, अशी माझी आता खात्री झाली आहे. ही खात्री मला ग्रंथांनी दिलेली नाही, माझ्या विद्यार्थ्यांनी दिली आहे.

राजापेठेतील माझ्या खोलीवर रविवारी काही विद्यार्थी येतात. भातकुली, दर्यापूर, नांदगाव खंडेश्वर या बाजूच्या खेड्यांतून शिकायला आलेली ही मुले-मुली बहुतेक वसतिगृहात राहतात. त्यांच्यापैकी एकाने एका रविवारी जुना लॅपटॉप आणला आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, "सर, आपला अशोक हाये याच्यात." खेळाचे नाव 'झीरो ए.डी.' होते. आम्ही सगळे भोवती बसलो. पडद्यावर मौर्यांचे गाव उभे राहिले. माणसे लाकूड तोडू लागली, शेत पेरू लागली, हरणे मारून मांस कोठारात आणू लागली. मांस संपले की जनावराचा सांगाडा दिसेनासा होई. माणूस मेला तरी तेच, त्याचे प्रेत थोड्या वेळाने जमिनीत विरून जाई. हे पाहून दुसऱ्या एका मुलाने विचारले, "मंग मेलेलं ढोर कोन वढते?" लॅपटॉपवाला म्हणाला, "कोनीच नाही वढत. आपोआप जमिनीत जाते."

सगळे हसले. मीही हसलो. परंतु ते हसणे माझ्या घशात अडकले. माझ्या आजाने आयुष्यभर गावची मेलेली ढोरे ओढली. आमच्या घराण्याला गावाने दिलेले ते काम होते आणि त्या कामामुळेच आम्ही गावाबाहेर होतो. खेळात ते काम जमीनच करते. त्यामुळे ते करणाऱ्या माणसाची तेथे गरज उरत नाही, आणि गरज नाही म्हणून तो माणूसही तेथे नाही. या लेखाची सुरुवात त्या हसण्यापासून झाली.

१

प्रथम या खेळाविषयी जे चांगले आहे ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हा खेळ विकत घ्यावा लागत नाही. निरनिराळ्या देशांतील माणसे, बहुतांशी बिनपगारी, आपल्या फावल्या वेळात तो घडवतात. २००१ च्या सुमारास एका लोकप्रिय, बाजारी युद्धखेळात फेरफार करावा या कल्पनेतून हे काम सुरू झाले, पुढे ते स्वतंत्र झाले, आणि २००९ मध्ये 'वाइल्डफायर गेम्स' या गटाने त्याचा प्रोग्रॅम आणि चित्रसामग्री लोकांसाठी खुली केली. कोणीही ती उतरवून घ्यावी, बदलावी, पुन्हा वाटावी. चित्रांपुरती अट एवढीच की मूळ कर्त्यांचे नाव सांगावे आणि आपण केलेला बदलही त्याच अटीवर इतरांना खुला ठेवावा. ज्या देशात वेद ऐकणाऱ्याच्या कानात तापलेले शिसे ओतण्याचे नियम लिहिले गेले, त्या देशातल्या माणसाला या परवान्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

खेळ असा आहे. इसवी सनापूर्वीच्या पाच शतकांतील एखादे राज्य आपण निवडायचे. अन्न, लाकूड, दगड आणि धातू गोळा करायचे, घरे आणि बराकी बांधायच्या, सैन्य उभारायचे आणि शेजाऱ्याला नामोहरम करायचे. या राज्यांना आपण 'बाजू' म्हणू. सुरुवातीच्या आराखड्यात सहा बाजू होत्या: ग्रीक, रोमन, केल्ट, कार्थेजी, इबेरियन आणि इराणी. म्हणजे भूमध्य समुद्राचा काठ आणि त्याच्या पूर्वेला इराणपर्यंतचा मुलूख. एप्रिल २०१३ मध्ये 'मगध' या नावाची आवृत्ती निघाली आणि तिच्यात मौर्य आले. २०१८ मध्ये आफ्रिकेतील कुश राज्य आले. २०२२ मध्ये चीनचे हान आले आणि बाजूंची संख्या चौदा झाली. भूमध्याच्या काठाबाहेरही मनुष्यजातीला इतिहास आहे ही जाणीव या लोकांना आहे, आणि ती त्यांनी पदरमोड करून कृतीत आणली आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही.

समीक्षा मात्र हेतूची करायची नसते, रचनेची करायची असते.

२

नवी बाजू घालायची म्हणजे काय करावे लागते? मला वाटत होते की रंग बदलायचा, नाव बदलायचे, झाले. लॅपटॉपवाल्या मुलाने खेळाच्या फायली उघडून दाखवल्या तेव्हा माझा भ्रम गेला. नगरकेंद्र, घर, कोठार, खळे, बराक, पागा, बाजार, मंदिर, बुरूज, किल्ला, तटबंदी, गोदी, यांतील प्रत्येक वास्तूची आकृती कोणीतरी घडवावी लागते आणि तिच्यावर विटेचा, लाकडाचा, गवताचा पोत चढवावा लागतो. प्रत्येक सैनिकाची ढाल, शिरस्त्राण, नेसणे, चालण्याची ढब, छोटे चित्र, नाव आणि माहितीच्या चार ओळी हव्यात. त्यानंतर ती बाजू इतरांपेक्षा फार बलवान वा दुबळी होऊ नये म्हणून आकड्यांची काटछाट करावी लागते. खेळाची नवी आवृत्ती आली की जुने काम मोडते, ते पुन्हा दुरुस्त करावे लागते. हे सगळे बिनपगारी. एखादा चित्रकार नोकरीला लागतो, एखाद्याला मूल होते, आणि अर्धवट राहिलेला किल्ला अर्धवटच राहतो.

मौर्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्या काळची घरे लाकडाची आणि मातीची, ती टिकली नाहीत. पाटलीपुत्राच्या लाकडी तटाचे अवशेष पाटण्याजवळ सापडले आहेत, कुम्राहारला खांबांचे सभागृह सापडले आहे, पण सामान्य माणसाचे घर कसे होते ते दाखवणारे चित्र त्या काळातले नाही. मग चित्रकार सांचीच्या तोरणांवरील शिल्पांकडे वळतो. ती तोरणे मौर्यांनंतरची आहेत. शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या दगडावरून आधीचे लाकूड कल्पावे लागते. हे काम त्यांनी कष्टाने केले आहे. गवती छपरे, गोलाकार कमानी, लाकडी कठडे पाहताना डोळ्यांना आनंद होतो. आमच्या विदर्भातही पवनी येथे १९६९-७० मध्ये स्तूपांचे उत्खनन झाले, कोरीव कठड्यांचे अवशेष निघाले. इतक्या दूरच्या चित्रकारापर्यंत ते पोचवायचे कोणी? आपणच पोचवले नाहीत, याची नोंद येथे करून ठेवतो.

परंतु चित्र बदलले तरी साचा बदलत नाही, ही माझ्या म्हणण्यातील मुख्य गोष्ट आहे. मौर्यांची बाजू घालणाऱ्याला कोऱ्या कागदावर लिहायचे नसते. त्याच्या हाती रकाने छापलेला तक्ता येतो. मंदिर हा रकाना आहे, तो भरलाच पाहिजे. जखमींना बरे करणारा पुरोहित हा रकाना आहे, तोही भरलाच पाहिजे. तीन वीरपुरुष हवेत. ग्रीस आणि रोमसाठी आखलेल्या या तक्त्यात मगध बसवायचे असते, आणि बसत नसेल तेथे मगधच छाटायचे असते.

३

छाटण्याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण नावांचे. या बाजूतील माणसांची आणि वास्तूंची नावे संस्कृत वळणाची आहेत. अशोकाचा एकही शिलालेख संस्कृतात नाही. तो प्राकृतात बोलला, सरहद्दीवर ग्रीक आणि अरामाईकमध्येही बोलला, पण संस्कृतात बोलला नाही. ही निवड अपघाताची नव्हती. लोकांना कळावे म्हणून लिहिलेले लेख लोकांच्या भाषेत लिहिले गेले. आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे एक शिला सापडली. तिच्यावर प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी, मौर्यकाळाशी जोडली जाणारी प्राकृत आज्ञा आहे. त्याच शिलेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख संस्कृतात कोरवला. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात तिची चर्चा केली आहे. त्या एका दगडावर या देशाचा अर्धा सांस्कृतिक इतिहास वाचता येतो. खेळ घडवणाऱ्यांनी काही कट केला असे मी म्हणत नाही. प्राचीन भारत म्हणजे संस्कृत, हे समीकरण त्यांना जगभरच्या पुस्तकांनी तयार दिले आणि त्यांनी विश्वासाने घेतले. देवटेकच्या शिलेवर जे छिन्नीने झाले ते येथे केवळ सवयीने झाले.

दुसरे उदाहरण पुरोहिताच्या रकान्याचे. मी पाहिलेल्या आवृत्तीत मौर्यांच्या बाजूने जखमींना बरे करणारा माणूस 'ब्राह्मण पुजारी' आहे. तीन वीरपुरुष आहेत ते चंद्रगुप्त, चाणक्य आणि अशोक, आणि त्यांपैकी चाणक्यही बरे करणारा आहे. आता अशोकाचा दुसरा शिलालेख काय सांगतो ते पाहा. माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्या, विहिरी खोदल्या, असे तो सांगतो. औषधोपचार हे राज्याचे कर्तव्य आहे, ते एखाद्या वर्णाचा मंत्र नाही, हे दगडावर कोरलेले असताना खेळात उपचार ब्राह्मणाच्या हाती गेला, कारण तक्त्यातील त्या रकान्याचे नाव 'पुरोहित' होते. आणि चाणक्याचे काय? ज्या 'अर्थशास्त्रा'ची पोथी १९०५ मध्ये शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ मध्ये ग्रंथरूपाने निघाली, तो ग्रंथ मौर्यकाळानंतरचा आणि एकाहून अधिक हातांचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही तो चाणक्याच्याच नावाने चालतो. त्या ग्रंथातील नगररचनेत पाखंडी आणि चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. पाखंडी म्हणजे वेद न मानणारे, म्हणजे बौद्ध श्रमणही आलेच. ज्या ग्रंथाने आम्हांला स्मशानाकडेला नेले त्या ग्रंथाच्या मानलेल्या कर्त्याकडून जखमा बऱ्या करून घ्यायच्या, असा हा खेळ आहे.

तिसरे उदाहरण अशोकस्तंभाचे. येथे मात्र माझे मत दुहेरी आहे. खेळात हा स्तंभ उभारता येतो आणि त्याच्या आसपास व्यापाऱ्यांचा चालण्याचा वेग वाढतो. प्रथम मला राग आला. धम्माची आज्ञा कोरलेला स्तंभ, त्याचा उपयोग काय, तर व्यापाऱ्याची गाडी हाकायला! नंतर सातवा स्तंभलेख आठवला. रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदल्या, असे अशोक त्यात सांगतो. तेव्हा वाटसरूचा वेग आणि स्तंभ यांचे नाते अगदीच खोटे नाही. तो लेख वाचूनच कोणीतरी हे सुचवले असावे असे वाटते. साचा इतका घट्ट असतानाही एका कोपऱ्यात मूळ गोष्टीला जागा मिळाली. पण धम्माला या खेळात आकडा नाही. जे आकड्यात बसले तेवढेच आले, आणि बसला तो वेग.

कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली, असे अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतः नोंदवले आणि शस्त्राच्या विजयापेक्षा धम्माचा विजय श्रेष्ठ ठरवला. जगाच्या इतिहासात विजेत्या राजाने दिलेली अशी कबुली विरळा. या खेळात मारलेल्यांची संख्या शेवटी तक्त्यात येते आणि ती जितकी मोठी तितके गुण अधिक. कलिंगाचे एक लाख येथे पश्चात्तापाचे कारण न राहता गुणपत्रिकेतला आकडा होतात. खेळाला मात्र एक फट आहे. भव्य वास्तू उभारून ती ठरावीक काळ टिकवली की युद्ध न करताही जिंकता येईल असा एक प्रकार त्यात आहे, आणि मौर्यांची भव्य वास्तू स्तूप आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकही त्या प्रकाराने खेळत नाही, हेही सांगितले पाहिजे. "त्याच्यात मजा नाही येत सर," असे त्यांचे मत आहे.

अशोकाची मूर्ती करून तिला हार घालण्याचा माझा विचार नाही. त्याच तेराव्या शिलालेखात पश्चात्तापाच्या शब्दांशेजारीच अरण्यवासी लोकांना इशारा आहे: राजा पश्चात्ताप करीत असला तरी त्याच्या हाती सामर्थ्य आहे हे विसरू नका. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां लोकांना तो इशारा ऐकू आला पाहिजे. खेळात मौर्यांच्या हत्तीला मोठे स्थान आहे, एक हत्ती तर चालते कोठार म्हणून माणसांबरोबर फिरतो. तो हत्ती ज्या रानातून आला त्या रानातली माणसे मात्र कोणत्याच बाजूला नाहीत.

४

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो.

या खेळात सैनिक हाच कष्टकरी असतो. हुकूम दिला की तो तलवार ठेवून कुऱ्हाड घेतो, लाकूड तोडतो, दगड फोडतो, घर बांधतो. ही कल्पना ग्रीक नगरराज्यातील नागरिक-सैनिकावरून आली आहे. मेगॅस्थिनीसने मौर्यांविषयी नेमके उलटे सांगितले. त्याने समाजाचे सात विभाग सांगितले, एकाने दुसऱ्याचा धंदा करू नये आणि दुसऱ्यात लग्न करू नये असा निर्बंध सांगितला, सैनिक राजाच्या खर्चाने पोसले जातात आणि युद्धाखेरीज दुसरे काम करीत नाहीत असे सांगितले. शेजारी युद्ध चालू असले तरी शेतकऱ्याला कोणी हात लावत नाही, असेही तो म्हणतो. खेळात तर पहिला हल्ला शत्रूच्या शेतकऱ्यांवरच करायचा असतो, तो हुशारीचा डाव समजला जातो.

म्हणजे ग्रीक साच्याने मगधात जातिभेद नसलेले सैन्य निर्माण केले! सर्वांच्या हाती तलवार आहे आणि सर्वांच्या हाती कुऱ्हाड आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडले. या खेळात ती विभागणी नाही. मग हे आम्हांला हवेच होते ना? समीक्षकाने रागवावे कशाला?

मी खोलीवर हा प्रश्न मुलांपुढे टाकला. तटाच्या बाहेर, नदीच्या खालच्या अंगाला एक वस्ती काढावी, मेलेले जनावर ओढणारा माणूस त्या वस्तीत असावा, तो नसला तर गावात रोगराई व्हावी आणि सगळे राज्य कोसळावे, असा नियम मी सुचवला. मला तो फार क्रांतिकारक वाटला होता. दोघेतिघे खूश झाले. एक मुलगी मात्र उसळून म्हणाली, "सर, खेळात तरी आपल्याले गावाबाहेर काहून ठेवता?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. आजही पुरते देता येते असे नाही. तिचे म्हणणे असे की आम्ही आमच्या वेदनेच्या चित्रांतच किती दिवस राहायचे? पुस्तकात तेच, भाषणात तेच, आणि आता करमणुकीतही तेच? पडद्यावर तिच्या हाती हत्तीवरचा सेनापती आहे, त्याची जात कोणी विचारत नाही, हे सुख तिच्याकडून काढून घेण्याचा मला काय अधिकार? दलित साहित्यातही हा वाद जुना आहे. दुःखाचे चित्रण ही मुक्तीची पायरी आहे की दुःखाचाच नवा उंबरठा, यावर आपण अनेक वर्षे भांडलो आहोत.

तरीही माझे म्हणणे मी सोडलेले नाही. जात नष्ट झाल्याचे चित्र आणि जात कधी नव्हतीच असे चित्र, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिले स्वप्न आहे, ते काढायचा हक्क आम्हांला आहे. दुसरा इतिहासाचा खोटा दाखला आहे, आणि हा खेळ आपण इतिहासावर आधारलेला आहोत असे सांगतो. माझ्या आजाचे काम जमिनीने केले तर आजाचा अपमान पुसला जातो हे खरे, पण त्याच्या श्रमाचे ऋणही पुसले जाते. त्या मुलीला मी एवढेच सांगितले: वस्ती काढायची की नाही हे आपण ठरवू, पण ढोर आपोआप जमिनीत गेले हे मात्र आपण म्हणायचे नाही. तिला हे पटले की नाही ते तिने सांगितले नाही.

५

मग करायचे काय? येथे आपल्या शहराचा इतिहास उपयोगी पडतो. अमरावतीत १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ झाली. १३ नोव्हेंबरला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. दुसऱ्याने बांधलेल्या वास्तूत आम्हांलाही येऊ द्या, ही मागणी होती. पुढे नाशिकचा काळाराम झाला, १९३५ ची येवल्याची घोषणा झाली, आणि १९५६ मध्ये नागपुरात अशोक विजयादशमीच्या दिवशी लाखो माणसांनी त्या वास्तूकडे पाठ फिरवून स्वतःचा मार्ग धरला. प्रवेश मागावा की स्वतंत्र उभे राहावे, हा आपल्याला नवा प्रश्न नाही. मराठीच्या अभ्यासक्रमात दलित साहित्याचे एक प्रकरण जोडले गेले तेव्हाही हाच प्रश्न होता. प्रकरण वाढले, वाङ्मय मोजण्याची मापे तीच राहिली. या बाजूंच्या पंक्तीत मौर्यांना पाट मिळाला, पण जेवणाचा बेत आधीच ठरला होता. हे त्याच जातीचे दुखणे आहे.

परंतु या खेळात एक सोय आहे ती मंदिराला नव्हती. परवाना खुला आहे. मूळ खेळाला हात न लावता आपली स्वतंत्र जोड करता येते, तिला खेळणारे लोक 'मॉड' म्हणतात. चीनचे हान असेच आले. 'राइज ऑफ द ईस्ट' या नावाच्या मॉडमध्ये ते आधी बाहेर उभे राहिले, अनेक वर्षे हौशी लोकांनी ते जोपासले, आणि २०२२ मध्ये मुख्य खेळाने त्यांना आत घेतले. म्हणजे आधी स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आणि मग आपल्या अटी घेऊन आत जायचे, असा मार्ग येथे प्रत्यक्ष चालून गेलेला आहे.

त्या मार्गावरचा धोंडाही दिसला पाहिजे. बिनपगारी काम कोण करू शकतो? ज्याचे पोट दुसऱ्या कशाने भरते तो. फावला वेळ ही सुद्धा मालमत्ता आहे आणि तिचे वाटप इतर मालमत्तेसारखेच विषम आहे. माझा लॅपटॉपवाला विद्यार्थी सुटीत गावी जाऊन सोयाबीन सोंगतो. ज्यांना खेळात जागा नाही त्यांनाच ती घडवण्यासाठी वेळ नाही. त्यातून चर्चा सगळी इंग्रजीत, आणि ऐतिहासिक पुरावा मागितला की तोही इंग्रजी ग्रंथांतला. हे सगळे खरे आहे. पण आपल्या आधीच्या पिढीने दिवसा गिरणीत काम करून रात्री कविता लिहिल्या, छपाईला पैसे नसताना नियतकालिके काढली. तेव्हा फावला वेळ कोणाकडे होता?

म्हणून मोठ्या बेताऐवजी लहान बेत केला आहे. अशोकाचे शिलालेख समोर ठेवून प्राकृत शब्दांची वही करायची. उपचार करणाऱ्याला पुजारी म्हणायचे नाही, दुसऱ्या शिलालेखाच्या आधारे त्याला वैद्य करायचे, आणि त्याने माणसांबरोबर जनावरांनाही बरे करावे असा नियम सुचवायचा. पवनीच्या कठड्यांची छायाचित्रे आणि मापे गोळा करून चित्रकारांना पाठवायची. सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले, म्हणजे अशोक महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत बोलला, याची नोंद माहितीच्या ओळींत घालायची. बाबासाहेबांच्या लेखनाचा जो तिसरा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये काढला, त्यातील प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती हे विवेचन मुलांनी आधी वाचायचे, म्हणजे मौर्यांची बाजू इतरांसारखी केवळ एक बाजू का नाही ते कळेल. एवढे झाले तर पुढे साच्याला हात घालता येईल. मारलेल्यांची संख्या गुणांत न धरणारी एक गुणपत्रिका करता येते काय, हे लॅपटॉपवाला शोधतो आहे.

वहीत आतापर्यंत चाळीसेक शब्द झाले आहेत. त्या मुलीचे अक्षर चांगले, म्हणून वही तिच्याकडे आहे. गेल्या रविवारी तिने शेवटच्या पानावर एक आराखडा काढून आणला. मौर्यांचे गाव होते, नदी होती, तट होता. गावाबाहेर वस्ती नव्हती. तटाच्या आत, विहिरीला लागून एक घर होते आणि त्याच्या दारात मेलेला बैल पडला होता. भोवती सगळे गाव उभे होते. "आता कोन वढते ते सगळ्यांनी मिळून ठरवा म्हना," ती म्हणाली. हा नियम संगणकाला कसा शिकवायचा ते आमच्यापैकी कोणालाच अजून माहीत नाही. त्यावर काम चालू आहे.